दादाला वाचून दाखवलेलं युद्ध

दिल्लीच्या रामकृष्णपुरमातल्या आमच्या सरकारी क्वार्टरला दोन खोल्या होत्या आणि मागच्या बाजूला जाळी लावलेली एक बाल्कनी. आईचा सगळा दिवस त्या बाल्कनीत जायचा. भाजी निवडणं, ज्वारी पाखडणं, उन्हाळ्यात जुन्या साडीवर मुगवड्या घालणं, सगळं तिथंच. वसाहतीतली घरं एकमेकांना इतकी चिकटलेली होती, की कुकरची शिट्टी आपल्या घरची की समोरच्या पंजाबी बाईंची, हे तिला ऐकून कळायचं, मला कधीच कळलं नाही. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि दिल्लीला आले. सतत दिल्लीत राहून आमची मराठी पुस्तकी आणि हिंदीमिश्रित झाली होती, पण आईच्या तोंडी अजून ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ होतं. ज्वारीचं पीठ ती गावाहून येणाऱ्या माणसांबरोबर मागवायची. भाकरी थापण्याचा आवाज आला की आम्ही भावंडं पाटावर जाऊन बसायचो. दिल्लीच्या हिवाळ्यात सकाळी धुकं इतकं दाट असायचं की जाळीबाहेरचा कडुनिंब दिसायचा नाही. त्या धुक्यात भाकरीच्या वासाने घर कुठे आहे ते कळायचं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा फक्त भूक लागायची.

दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. त्याचं नाव मिलिंद, पण मी त्याला नावाने कधी हाक मारली नाही. तो विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करत होता आणि त्याचा विषय होता अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध. घरात हे नाव नीट उच्चारता येणारा तो एकटाच. बाबांची इच्छा त्याने सनदी परीक्षा द्यावी अशी होती. वसाहतीतली माणसं विचारायची, मुलगा काय करतो, तेव्हा बाबा ‘रिसर्च’ एवढंच सांगायचे आणि लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढायचे. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, “आपल्या देशात लढाया झाल्या नाहीत का रे? इतक्या लांबची काहून?” चिडले की त्यांचीही भाषा गावाकडे जायची. दादा म्हणाला, “बाबा, आपल्या आजोबांबद्दल कुठल्या पुस्तकात लिहिलंय का? जे काही आहे ते पाटलाच्या दप्तरात, पाटलाच्या बाजूने. तिथेही तसंच आहे. मला बघायचंय, अशा वेळी खरं कुठून शोधायचं.” बाबांनी ताटातला ठेचा बोटाने पुसून घेतला आणि उठले. पण त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

दादाच्या पलंगाखाली पुस्तकांचे तीन ढीग असायचे. पहिला सगळ्यात उंच. त्यात फ्रेंच सेनाधिकाऱ्यांच्या आठवणी, जाड पुठ्ठ्याच्या, नकाशे असलेल्या, मागे नावांची सूची असलेल्या. दुसऱ्या ढिगात वर्तमानपत्रांच्या कात्रणांच्या झेरॉक्स, ज्यांची शाई बोटांना लागायची. आणि तिसरा ढीग म्हणावा तर दोन-तीनच पुस्तकं. त्यातलं एक हलक्या पिवळट कागदावर छापलेलं, शिवण सुटलेलं. त्याच्या गाइडनी, म्हणजे आम्ही ज्यांना नुसते ‘सर’ म्हणायचो त्यांनी, परदेशातून येताना ते आणलं होतं. त्यात अल्जीरियाच्या खेड्यांतल्या लोकांच्या जबान्या होत्या. लोकांनी आपल्या भाषेत सांगितलेलं, कुणीतरी फ्रेंचमध्ये उतरवलेलं. दादा पहिल्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणायचा, “यांनी लिहिलं कारण यांना वेळ होता, सुजू. मारून झाल्यावर वेळच वेळ असतो.” मग पातळ पुस्तक हातात घ्यायचा. “आणि हे बघ. इथे बाईचं नावसुद्धा दिलेलं नाही. नुसतं ‘एक आई’.”

त्याच सुमारास त्याचे डोळे गेले. ‘गेले’ म्हणणं बरोबर नाही. तो शेवटपर्यंत एकटा रस्ता ओलांडायचा. आधी तो म्हणायला लागला की हल्ली छपाई वाईट असते. मग बोलताना तो आपल्याकडे न बघता आपल्या कानाकडे बघतोय असं वाटायला लागलं. बाबा त्याला मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध डाग पडत चालला होता. ज्याच्याकडे थेट बघावं तेच नाहीसं व्हायचं आणि बाजूचं दिसत राहायचं. डॉक्टर म्हणाले, “चलने-फिरने में दिक्कत नहीं होगी. बस, पढ़ना नहीं हो पाएगा.” बाबांनी विचारलं, चष्म्याचा नंबर वाढवून? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्या दिवशी बसने घरी येताना दादा खिडकीशी बसला होता आणि बाबा त्याला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होते, एकामागून एक, मोठ्याने. बाबांना हे आपण का करतोय हे बहुधा कळत नव्हतं. दादाने त्यांना थांबवलं नाही.

इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवायला त्याचे मित्र यायचे. फ्रेंच दादा विद्यापीठातच शिकला होता, पण ते वाचून कोण दाखवणार? त्या भाषेच्या विद्यार्थ्यांपैकी एक-दोघे आले, त्यांना पुढे आपापल्या परीक्षा होत्या. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. एके दिवशी दादा म्हणाला, “तू वाच.” मी म्हटलं, “मला कुठे येतं?” तो म्हणाला, “तुला यायची गरज नाही. अक्षरं ओळखतेस ना? उच्चार मी शिकवतो. कळायचं काम माझं.”

आणि तसंच झालं. मी एकेक अक्षर सांगायचे, तो शब्द म्हणायचा, मी त्याच्यामागून म्हणायचे. नियम अजून आठवतात. शेवटचं अक्षर बहुतेक वेळा गिळायचं. नाकातून बोलायला लाजायचं नाही. ‘र’ घशाच्या मागून काढायचा, गुळण्या केल्यासारखा. पहिले काही दिवस आई काळजीत पडली आणि रोज मला आलं-मध चाटवायला लागली. मग तिला सवय झाली. दुपारी कॉलेजातून आले की मी बाल्कनीत वेताच्या मोड्यावर बसायचे, दादा भिंतीला टेकून खाली, आणि आई समोर मेथी नाहीतर अंबाडी निवडत. मी वाचायचे आणि आई ऐकायची. हळूहळू माझी जीभ त्या भाषेवरून सरळ चालायला लागली. अर्थाचं ओझं नसल्यामुळे मी गाणं म्हटल्यासारखी वाचायचे, चाल लावून. आई एकदा म्हणालीसुद्धा, “ऐकायला लय गोड आहे हो ही भाषा. पाखरं बोलल्यासारखी.” दादा हसला नाही. त्याने डोकं भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, “पुढे वाच.”

हल्ली मी गुरुग्रामला लेकीकडे असते, वरच्या मजल्यावर. माझा नातू कुठलंही पान मोबाइलसमोर धरतो आणि मोबाइल ते वाचतो, फ्रेंचसुद्धा. परवा त्याने मला हौसेने दाखवलं. उच्चार अगदी स्वच्छ होते, एकही अक्षर चुकलं नाही. मी थोडा वेळ ऐकलं आणि त्याला बंद करायला सांगितलं. नातवाला वाटलं आजीला आवाज मोठा झाला.

त्या पिवळट पुस्तकातली ‘एक आई’वाली, तिच्या गावातल्या कुणीतरी सांगितलेली जबानी आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा हिवाळा होता आणि बाल्कनीत ऊन आलं होतं. वाचता वाचता ‘ला गामेल’ असा शब्द आला आणि मला हसू फुटलं. “दादा, घमेलं?” तो म्हणाला, “हो गं, त्याच घराण्यातला शब्द असणार. म्हणजे जेवणाचा डबा, पत्र्याचा.” आईने मान वर केली. “घमेल्यात काहून जेवतात बाप्पा ती माणसं? काय लिहिलंय त्यात?” दादाने पुस्तकाच्या पानावर हात ठेवला. मग म्हणाला, “काही नाही, आई. एक बाई आपल्या मुलासाठी रोज डबा नेते, तेवढंच.” “शेतावर?” “हो.” आई म्हणाली, “मग ठीक आहे,” आणि पुन्हा भाजीकडे वळली. मी पुढचं वाचलं. माझ्या आवाजात अजून हसू असणार.

पण भाषा कानात शिरते ती परवानगी मागून शिरत नाही. दादा मधूनमधून एखादा शब्द सांगायचाच. ‘मेर’ म्हणजे आई. ‘फीस’ म्हणजे मुलगा. यात शेवटचं अक्षर गिळायचं नाही, हा अपवाद म्हणून माझ्या लक्षात राहिला होता. चहाचा कप पालथा करून तो म्हणायचा, “व्हीद. रिकामा. अजून मिळेल का?” असे शब्द कुठे कुठे साठत गेले आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या वर्षी दादाने प्रबंध तोंडी सांगायला सुरुवात केली. मी लिहून घ्यायचे आणि शनिवारी त्याचा एक मित्र ते टाइप करायला न्यायचा. जबान्यांच्या प्रकरणापाशी आलो तेव्हा तो म्हणाला, “ते ‘एक आई’वालं पुन्हा वाच. शब्दन् शब्द तपासून घेऊ.” आई समोर होतीच. वाटाणे सोलत होती. मी नेहमीसारखी चाल लावून वाचायला लागले. शिपायांनी मुलाला नेलं. आई रोज सकाळी छावणीच्या फाटकाशी डबा घेऊन जायची. शिपाई डबा आत न्यायचे. संध्याकाळी डबा परत मिळायचा, आणि... ‘व्हीद’. रिकामा. म्हणून तिला वाटायचं, तो जेवतोय.

पुढच्या ओळीपाशी माझा आवाज थांबला. मी ती मनातल्या मनात वाचली, पुन्हा वाचली. मला सगळे शब्द येत नव्हते, पण जे येत होते तेवढे पुरले.

“दादा, तो आधीच मेला होता?”

मी हे मराठीत विचारलं, मोठ्याने. दादाचा चेहरा माझ्याकडे वळला, म्हणजे माझ्या कानाकडे. तो म्हणाला, “तुला कळलं?”

“कोण मेला?” आईने विचारलं.

आईने वाटाण्यांचं ताट बाजूला सरकवलं. “मिलिंद, कोण मेला? तो शेतावरचा?”

मग दादाने तिला सांगितलं. हळू आवाजात, काही न गाळता. की ते शेत नव्हतं, छावणी होती. की पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला मारलं होतं, आणि मारायच्या आधी काय केलं होतं ते. की डबा शिपाई खात होते. आई ऐकत राहिली. तिच्या हातात वाटाण्याची एक शेंग होती, ती तिने सोलली नाही. सगळं सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं, “मग तिनं डबा नेणं कधी बंद केलं?”

“ते लिहिलेलं नाही, आई.”

“तिला सांगितलं कोणी?”

“तेही नाही.”

“मग काय लिहिलंय तुमच्या पुस्तकात?” आई म्हणाली. रागावून नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी आमटीत मीठ पडायचं राहून गेलं. त्यानंतर बरेच दिवस, बाबा ऑफिसातून आले की ती त्यांच्या पिशवीतून डबा काढायची, उघडून बघायची आणि विचारायची, “तुम्हीच खाल्लं ना?” बाबा चक्रावून म्हणायचे, “मीच. दुसरं कोण खाणार?” आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही.

माझं वाचणं मात्र बदललं. मला ते जाणवत नव्हतं, दादाला जाणवत होतं. आता पान उघडलं की मी आधी नजर पुढे टाकायचे, पुढे काय आहे याचा अंदाज घ्यायचे. काही शब्द आले की ‘र’ नीट निघायचा नाही. मी मधेच पाणी प्यायला उठायचे. मी वाचताना दादाची बोटं जमिनीवर ताल धरायची, ती थांबली.

प्रबंध जमा करण्यापूर्वी विभागाची एक बैठक होती. तिला बाहेरचे एक तज्ज्ञ आले होते, वयस्कर, टापटीप, बोलायला सौम्य. दादाबरोबर मीही गेले, कारण कागद मला सांभाळायचे होते. सुरुवात चांगली झाली. सरांनी स्तुती केली. मग तज्ज्ञांनी विचारलं की मूळ फ्रेंच साधनं उमेदवाराने कशी वाचली. सरांनी माझ्याकडे हात केला, थोड्या अभिमानाने, असं मला तेव्हा वाटलं.

“आपने फ्रेंच कहाँ से सीखी?” त्यांनी मला विचारलं.

“घर में. भैया से.”

त्यांनी समोरच्या पुस्तकांतलं एक उचललं. ते जबान्यांचं नव्हतं, सैन्याच्या कारभारावरचं जाडजूड होतं. एक पान उघडून माझ्यापुढे केलं. मी वाचलं. अडखळले नाही. त्यांनी ओठ दाबून कौतुकाने मान हलवली. मग म्हणाले, “बहुत अच्छा. अब इसका मतलब?”

त्या पानावर एकही ओळखीचा शब्द नव्हता. रसद, खाती, हुकूम असलं काही असणार. मी उभीच राहिले. तज्ज्ञांनी पुस्तक हळूच मिटलं. “तो आपको पता ही नहीं कि आप क्या पढ़ रही थीं.”

“मुझे पता है, सर,” दादा म्हणाला. “समझना मेरा काम था. इसका काम आवाज़ देना था.”

“मैं समझता हूँ. लेकिन रिसर्च में हम मान नहीं सकते कि हर शब्द ठीक पहुँचा होगा. एक अक्षर इधर-उधर, और मतलब बदल जाता है. आप सहमत होंगे.” ते खरंच हळहळून बोलत होते. त्यामुळे त्यांच्यावर रागही काढता येईना. ठरलं ते असं, की प्रत्येक उतारा त्या भाषेची पदवी असलेल्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्यायचा, पडताळायचा, आणि मगच प्रबंध घ्यायचा. असा माणूस विद्यापीठ देणार का, हे सरांनी विचारलं. त्यावर सगळ्यांनी आपापले कागद आवरायला घेतले.

बाहेर आल्यावर सर दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “साल-भर की बात है, मिलिंद. कुछ करते हैं.” दादा म्हणाला, “जी सर.” त्याच्या ‘जी’वरून मला कळलं की तो परत येणार नाही.

बसस्टॉपवर आम्ही उभे होतो. उन्हाची झळ होती आणि रस्त्यावरून कोरडी पानं सरकत होती. मी म्हटलं, “मी शिकते ना, दादा. नीट, वर्गात जाऊन. डिप्लोमा करते. मग मीच सगळं पुन्हा वाचेन, मग तर कुणी काही म्हणणार नाही.”

आमची बस आली आणि गेली.

“नको, सुजू,” तो म्हणाला. “तू आधी वाचायचीस ना, मला ती माणसं ऐकू यायची. तुझा आवाज मधे नव्हताच. ती बाई, तो फाटकावरचा शिपाई, सगळे थेट. आता तू ‘मेर’ म्हणतेस आणि मला तूच ऐकू येतेस. पुढे काय येणार आहे ते तुझ्या श्वासावरूनच कळतं. तू शिकलीस तर अजून जास्त कळेल तुला. मग मी तुला ते वाचायला कसा सांगू?”

मला रडू आलं. त्याला ते दिसलं नसेल, पण मी श्वास आवरत होते आणि श्वास त्याला ऐकू येत होता. तो म्हणाला, “तुझी काही चूक नाही. कळायला लागलं की असंच होतं.” मग म्हणाला, “बस आली की सांग. नंबर मला दिसत नाही.”

त्यावर घरात चर्चा झाली नाही. बाबांनी दोन-तीनदा सरांना भेटून येण्याचा विषय काढला आणि सोडून दिला. पावसाळ्यात पलंगाखाली ओल यायची म्हणून आईने तिन्ही ढीग वर कपाटात हलवले, नव्या जागी तिन्हींचा एकच ढीग झाला. दृष्टी अधू असलेल्यांसाठी तेव्हा सरकारी नोकऱ्यांत एक ठरलेली जागा असायची: टेलिफोन ऑपरेटर. बाबांनी अर्ज आणला, भरला, आणि दादाचं बोट धरून सही कुठे करायची ती जागा दाखवली. दादाने सही केली. ती सही मात्र अजून अगदी सुरेख होती.

पुढे दादाने निवृत्त होईपर्यंत तीच नोकरी केली. तो आता नाही. माझ्याकडून फ्रेंच सुटलं ते सुटलंच. मी बँकेत लागले, लग्न झालं, आयुष्य गेलं. अल्जीरियाच्या त्या युद्धावर नंतर पुष्कळ पुस्तकं आली, असं ऐकते. कदाचित त्या आईला कुणी सांगितलं की नाही हेही एखाद्यात असेल. मी शोधलं नाही.

त्याची नोकरी सुरू झाली त्या आठवड्यातली एक दुपार मला लिहून ठेवायची आहे. कॉलेजातून घरी यायच्या वाटेवर एक टेलिफोन बूथ होता. घरी जाऊन बाल्कनीत बसायचं नव्हतं, म्हणून मी नुसतीच उभी राहिले, आणि मग आत गेले. बाबांनी दिलेला त्याच्या ऑफिसचा नंबर फिरवला. घंटी वाजली आणि त्याने उचलला. आवाज त्याचाच होता, पण मी तो तसा कधी ऐकला नव्हता. सपाट, स्वच्छ, कुणालाही देता येईल असा.

“नमस्कार. एक्सचेंज. किससे बात कराऊँ?”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“हैलो? किससे बात करनी है, जी?”

“तुझ्याशी,” मी म्हटलं.

तारेत खरखर होती. तिच्यामागे कुठेतरी दुसऱ्या घंट्या वाजत होत्या.

“लाइन अडवू नकोस गं,” दादा म्हणाला. “मागे लोक थांबलेत.” आणि त्याने माझा फोन हळूच काढून पुढचा जोडला.